साधन आणि साधक

मुलांनो, शाळेत मोबाइल असावा की नसावा, हा वाद आज घरोघरी ऐकू येतो. कोणी म्हणतात, या यंत्राने मुलांची बुद्धी मंद केली. कोणी म्हणतात, यंत्रावाचून शिक्षण अपुरे आहे. माझ्या मते खरा प्रश्न निराळाच आहे. यंत्र हाती घेतल्यावर आज्ञा कोणाची चालते, आपली की यंत्राची? आपल्याच महाराष्ट्रातील दोन खेड्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे शिक्षक होते. मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी जपानमध्ये १९९४ साली क्यूआर कोड नावाचे चौकोनी चिन्ह निघाले. डिसले गुरुजींनी ते पाठ्यपुस्तकात आणले. चिन्हावर मोबाइल धरला, की कविता कानी पडे, धडा डोळ्यांपुढे उभा राही. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशी चिन्हे आली. ती तुम्ही पाहिली असतील. २०२० साली गुरुजींना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या चिन्हाचे मर्म ध्यानी घ्या. मुलाने कोठे जावे हे शिक्षक ठरवितो. यंत्र त्याला केवळ तेथवर पोहोचविते.

दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइलनेच शाळा घरी आणली. ज्या घरी तो नव्हता, तेथील मुलांचा अभ्यास खुंटला. पुढे शाळा उघडल्या; पण मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना. तेव्हा २०२२ साली गावाने एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहू लागले. मुले वह्यापुस्तके उघडून बसू लागली. विशेष हे, की हा नियम थोरांनीही स्वतःस लावून घेतला. आपण मोबाइल पाहत बसावे आणि मुलांना मात्र अभ्यासाचा उपदेश करावा, हा न्याय नव्हे.

आता आमच्या नाशिकची एक गोष्ट सांगतो. एकदा मी एका विद्यार्थ्याला गोदावरीविषयी विचारले. मोबाइल पाहून तो क्षणात म्हणाला, “लांबी १,४६५ किलोमीटर, उगम त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर.” उत्तर अचूक होते. मी पुन्हा विचारले, “पूर किती चढला, हे नाशिककर कशावरून ओळखतात?” तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गोदाकाठी गेला, घाटावरच्या एका फुलवाल्या आजींना विचारून आला आणि आनंदाने म्हणाला, “सर, दुतोंड्या मारुतीवरून! पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याला, त्यावरून.” पहिले उत्तर त्याला मिळाले होते, दुसरे त्याने मिळविले होते. पहिले तो कदाचित विसरेल. दुसरे जन्मभर विसरणार नाही.

म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी आपल्याला काय हवे आहे, हे मनाशी ठरवा आणि ते मिळताच यंत्र मिटा. मिळालेली माहिती पुस्तकाशी किंवा जाणत्या माणसाशी ताडून पाहा. दुसऱ्याचे उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवून ते आपले म्हणून दाखवू नका. ती चोरीच होय. आपल्या घरच्या गोष्टी अनोळखी माणसाला कळवू नका. आणि ज्या सोबत्याच्या घरी हे साधन नाही, त्याला आपल्याजवळ बसवून घ्या.

साधन कितीही थोर असले, तरी साधना साधकालाच करावी लागते. वडगावात गावासाठी भोंगा वाजला; तुमच्या मनातला भोंगा मात्र तुम्हांलाच वाजवावा लागेल.