यवतमाळमध्ये महामार्ग असताना ‘शक्तिपीठ’ कशासाठी?

नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ यवतमाळ जिल्ह्यात कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेडवरून जातो. मग जून २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटरचा असलेला नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गही याच जिल्ह्यातून का?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपये मंजूर केले. सरकार म्हणतं, १८ तासांचा प्रवास ८ तासांवर येईल, देवस्थानं जोडली जातील. विरोधक विचारतात, समांतर रस्ता असताना सुपीक जमीन कशाला घेता?

मुख्य फरक असा: जुन्या रस्त्यावर गावातून थेट चढता येतं, नव्यावर फक्त इंटरचेंजवरून. त्यामुळे जमीन देणाऱ्या गावाला रस्त्याचा उपयोग किती, हे इंटरचेंज किती लांब आहे त्यावर ठरेल.