दगडावरचे शेवाळही साक्ष देते

नदीत मासे मरून वर आले की दुसऱ्या दिवशी पाण्याचे नमुने घेतले जातात. तोवर रात्री सोडलेले सांडपाणी बरेच पुढे वाहून गेलेले असते आणि अहवालात पाणी 'मर्यादेत' निघू शकते. यात प्रयोगशाळेची चूक नसते. बाटलीतले पाणी त्या घटकेपुरतेच बोलते. दगडांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर मात्र जागचा हलत नाही. गेल्या काही आठवड्यांत वरून जे जे वाहून गेले, ते त्याने सोसलेले असते.

हा थर बहुतांशी डायटम या एकपेशीय शैवालांचा असतो. त्यांचे कवच सिलिकाचे, काचेसारखे. त्यावरच्या नक्षीवरून सूक्ष्मदर्शकाखाली प्रजाती ओळखता येते. काही प्रजाती फक्त स्वच्छ पाण्यात तग धरतात, तर काहींना सांडपाणीच मानवते. दगड साध्या टूथब्रशने घासायचा, नमुना आम्लाने स्वच्छ करायचा आणि कोणती प्रजाती किती, हे मोजायचे. महागडे यंत्र लागत नाही. लागते ती ओळखणारी नजर, आणि तीच दुर्मीळ आहे. अमेरिकेचे मर्व्हिन पामर यांनी 1969 मध्ये प्रदूषण सोसणाऱ्या 20 शैवाल वंशांना 1 ते 5 गुण दिले. नमुन्यात सापडलेल्या वंशांच्या गुणांची बेरीज 20 किंवा अधिक झाली, तर सेंद्रिय प्रदूषण भरपूर आहे असे समजायचे. युरोपीय संघाने तर 2000 सालच्या पाणीविषयक कायद्यातच नद्यांच्या तपासणीत शैवालांना स्थान दिले.

आपल्याकडे मात्र नद्यांची चर्चा अजून बीओडी, सीओडीच्या आकड्यांभोवतीच फिरते. वास्तविक, तुलनेसाठी जुनी नोंद हाताशी आहे. डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी 1950 च्या दशकात कोल्हापूर परिसरातल्या गोड्या पाण्यातील डायटम नोंदवले. त्यांपैकी आज कोणते उरले, हे पाहिले तर पंचगंगेच्या खोऱ्यात गेल्या सत्तर वर्षांत काय घडले, ते कुठल्याही एका दिवसाच्या नमुन्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसेल. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर संशोधन चालते, म्हणजे मार्गदर्शनही दूर नाही.

शैवाल सगळेच सांगत नाही. विष कोणते आणि कोणी सोडले, हे शोधायला रासायनिक तपासणीच हवी. काविळीचे विषाणूही त्यातून कळत नाहीत. पण तपासणी कुठे आणि कधी करायची, हे ते दाखवू शकते. कारखान्याच्या नाल्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे दगड दर ऋतूत घासून पाहणे नदीकाठच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र विभागांना सहज जमण्यासारखे आहे. त्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुरावा म्हणून स्वीकारल्या, तर रात्रीचे सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेल्याचा फायदा कोणाला मिळणार नाही.