शिकाऊ शिक्षिका आणि एकोणपन्नासचा आकडा

शिक्षक घडविण्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे पदव्या, अभ्यासक्रम आणि वेतनश्रेण्या यांचाच खल होतो. हातात खडू घेऊन प्रथमच वर्गासमोर उभ्या राहिलेल्या शिकाऊ शिक्षकाला तेथे काय दिसते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी हैदराबादेतील गौलीगुड्याच्या एका शाळेत सराव पाठांसाठी गेलेल्या, आमच्या परिचयातील एका मुलीची हकीकत येथे सांगावीशी वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकांना ती परकी वाटणार नाही.

गौलीगुडा ही मुसी नदीच्या उत्तरेची जुनी गजबजलेली वस्ती. कोठी, सुलतान बाजार, जांबाग हे सारे लगतच. ज्या अवाढव्य पत्र्याच्या मंडपातून पिढ्यान्‌पिढ्या बसगाड्या सुटल्या आणि जो २०१८ साली कोसळला, तो येथलाच. रस्त्यावर तेलुगू, दखनी, मारवाडी, पंजाबी अशा भाषांची सरमिसळ. याच भागात निजामी अमदानीत केशवराव कोरटकर प्रभृतींनी विवेकवर्धिनी उभी करून मराठी मुलाला स्वभाषेत शिकण्याची सोय केली. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या खटाटोपाचे मोल कळते. पुढे १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि राज्यातील सुमारे चतुर्थांश लोकांची भाषा राजधानीत एकाएकी मूठभरांची ठरली. माणूस जागचा हलला नव्हता. सरहद्द हलली होती. हा अनुभव आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तर ही मुलगी बी. एड. करीत होती. २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यातील किमान वीस आठवडे शाळेत काढणे आवश्यक ठरले. घरची भाषा मराठी, शिक्षण मात्र सारे इंग्रजीतून; त्यामुळे लसावि आणि मसावि हे शब्द तिने मुलांच्या बरोबरीनेच शिकले, असे ती हसत सांगते. रोजचा क्रम ठरलेला. सकाळी हजेरीपटावर सही, मग मागच्या बाकावर बसून वर्गशिक्षिकेचा पाठ पाहणे, एखादी शिक्षिका रजेवर असली की तिचा तास सांभाळणे, आणि रात्री बारापर्यंत पाठाचे टाचण काढणे. उद्दिष्टे, साहित्य, प्रस्तावना, मूल्यमापन, सगळे रकान्यांत बसविलेले. तक्ते रंगविण्यात जेवढा वेळ गेला तेवढा मुलांशी बोलण्यात गेला नाही, ही तिची खंत.

एके दिवशी सहावीच्या वर्गात तिने अंक सांगितला : सदतीस हजार चारशे एकोणपन्नास. निम्म्या मुलांनी शेवटी ५९ लिहिले. काहींनी सदतीसचे ७३ केले. पाठ पाहायला आलेल्या निरीक्षकांनी वहीत शेरा मारला, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प, पूर्वज्ञान तपासावे.’ त्याच वर्गात नांदेडकडून आलेल्या एका केळीवाल्याचा मुलगा होता. शाळा सुटल्यावर तो बापाच्या हातगाडीवर बसे आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकत नसे. दुसऱ्या दिवशी तिने त्याला तोच अंक तेलुगूत विचारला. ‘नलभै तोम्मिदि’ म्हणताच त्याने ४९ लिहिले, क्षणाचाही विलंब न लावता.

मुलगा मठ्ठ नव्हता. तेलुगूत चाळीस आधी येते आणि नऊ मागून. कानावर जसे पडते तसेच हाताने लिहिले जाते. कानडीतही ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस आणि एक. मराठी मात्र एकवीस म्हणताना एकाला पुढे घालते, आणि एकोणपन्नास म्हणताना तर पन्नासातून एक उणा करावयास सांगते. पन्नास हा शब्द ऐकून पोराने पाच लिहिले, तर त्यात नवल ते काय?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचा हेतू परोपरीने समजावून सांगितला, पण थट्टेच्या गदारोळात तो कोणी ऐकला नाही. एकोणपन्नास हा शब्द टिकलाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या शब्दाची घडण उलगडून दाखविणारा शिक्षक वर्गात नसेल, तर तो शब्द टिकवायचा कोणी? आणि दुभाषी वस्तीत तो शिक्षक मुलाची दुसरी भाषाही जाणणारा हवा. ते त्याच्या मराठीपणाला उणेपण आणीत नाही.

१९४९ साली प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरविले की वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीची जबाबदारी राज्यांवर पडली. आम्ही मुलांचे आकडे मोजतो, त्यांवरून भांडतो, आणि ते भांडण रास्तही आहे. पण नेमावयाचा तो शिक्षक कोठे तयार होतो, हे कोणी मोजत नाही. मराठी वर्गात सरावासाठी एकही उमेदवार फिरकला नाही, तर दहा वर्षांनी तेथे शिकविणार कोण? सराव पाठ कोणत्या शाळेत घ्यावयाचे हे ठरविताना अशा वर्गांना राखीव जागा द्या, हे मागणे सरकारपुढे आणि त्याहून आधी आपल्याच शिक्षणसंस्थांच्या चालकांपुढे ठेवावयास हवे. त्यासाठी मोर्चाची गरज नाही. एका पत्राने व्हावे असे हे काम आहे.

उरलेल्या आठवड्यांत त्या मुलीने टाचणाच्या मागील कोऱ्या बाजूवर एक तक्ता केला : एका रकान्यात मराठी अंक, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात दखनी. केळीवाल्याच्या पोराने तेलुगूचा रकाना तपासून दिला आणि एक चूकही काढली. त्या तक्त्याला गुण नव्हते, कारण टाचणाच्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता. ती उत्तीर्ण झाली. मराठी वर्गावर जागा निघेल म्हणून वर्षभर थांबली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इंग्रजी शाळेत गणित शिकविते.