पोलादाचे पाणी

ओळी म्हणजे एकाच मालाच्या दुकानांची रांग. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळी आहे, तशी ग्वाल्हेरच्या लष्करात दाना ओळी. तिकडे तिला दाना ओली म्हणतात. नाव धान्याचे, पण आज त्या गल्लीत पहिल्यांदा नजरेत भरतात त्या दाराशी लागलेल्या दुचाक्या. गाड्या वाढण्यात ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याचाही हात आहे. हा मेळा १९०५ पासूनचा. गेल्या काही मेळ्यांत वाहनकरात ५० टक्के सवलत मिळाल्याने गाडी घ्यायला लोक मेळ्याचीच वाट पाहतात. जिथे गाड्या आल्या, तिथे धडका आल्या आणि वाकलेले भागही आले. ब्रेकचे पायडल आत दबते, साइड स्टँड पिळतो, फुटरेस्ट मागे जातो. मग घरातलाच कोणी हुशार मुलगा गॅसची ज्योत पेटवतो, भाग लाल करतो, हातोडीने सरळ करतो आणि शेवटी पाण्याच्या बादलीत बुडवतो. छन्न आवाज येतो, गाडी चालू होते आणि चार पैसे वाचतात.

या मुलाला आम्ही दोष देत नाही. आपल्या हाताने वस्तू दुरुस्त करण्याची वृत्ती टिकली पाहिजे, वाढली पाहिजे. पण लोखंड तापवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो आपल्या भाषेत फार जुना आहे: याला पाणी दिलेले आहे का?

लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देतो म्हणजे काय करतो? पोलाद लाल होईपर्यंत, ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याची आतली रचना बदलते. तेथून ते पाण्यात किंवा तेलात एकदम थंड केले की ती रचना ताणलेल्या अवस्थेत गोठते. पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवून त्याची रग कमी करतात. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ असा दोन पायऱ्यांत बसतो. हे साधते ते पोलादात पुरेसा कार्बन असेल तरच. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो, तर गाडीच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, पोलादात अर्ध्या टक्क्याहून अधिक. पट्टीला पाणी फारसे चढत नाही. पाट्यांचे सारे बळच त्या पाण्यात असते.

आणि चढलेले पाणी उतरते. पाट्याला रग उतरवताना साधारण ४५० ते ५०० अंशांची उष्णता दिलेली असते. त्यापुढे तापवला की तो मऊ पडू लागतो, लाल केला की संपलाच. वाईट हे की डोळ्यांना काही दिसत नाही. आकार तोच, वजन तेच, रंगाचा हात फिरवला की नव्यासारखा. तो दबतो किंवा तुटतो, तेव्हा गाडीवर माणसे बसलेली असतात.

म्हणून वाकलेला भाग हातात घेतला की आधी त्याची जात ओळखावी. सायलेन्सरचा ब्रॅकेट, नंबरप्लेटची पट्टी, सामान ठेवायचा कॅरियर ही कामे साध्या लोखंडाची. ती तापवून सरळ करायला हरकत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील, तर तो पाणी दिलेला आहे. त्याची रग ४२५ अंशांच्या वर उतरवलेली असते, तेव्हा गंजलेला बोल्ट सोडवण्यासाठी लाल केला असेल, तर तो पुन्हा बसवू नये. स्टिअरिंगचे दांडे, एक्सल, पाटे, पुढच्या फोर्कच्या नळ्या, चाकाजवळचा कुठलाही भाग: यांना ज्योत लावू नये आणि थंडही सरळ करत बसू नये. ते बदलावेत. पायडल आणि साइड स्टँड यांच्या मधल्या जागी येतात. पायडल ब्रेकचे आहे, म्हणून आम्ही ते बदलण्याच्या बाजूचे आहोत. स्टँडबद्दल इतका आग्रह नाही.

मोटारींत तर हा प्रश्न आणखी अवघड झाला आहे. दोन दारांमधला खांब अलीकडच्या अनेक गाड्यांत बोरॉनमिश्रित पोलादाचा असतो. कारखान्यात पत्रा ९०० अंशांच्या वर तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच थंड करतात. म्हणजे त्याला पाणी साच्यातच मिळते. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते. साधे लोखंड ४०० च्या आसपास तुटते. बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाचा जीव हा खांब वाचवतो. डेंट काढताना त्यावर ज्योत फिरली की ते कवच नावापुरते उरते. गाडी विकत घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

ही विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. ग्वाल्हेरच्या रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांचे संसार दिसतात, महाराष्ट्रात घिसाडी. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण मारते, भात्याजवळ पोर बसलेले असते. भंगारातला ट्रकचा पाटा त्यांच्या ऐरणीवर येतो आणि कुऱ्हाड होऊन जातो. पाटा तापला की त्याचे जुने पाणी गेले, हे त्या घरातल्या पोरालाही कळते. म्हणूनच धार काढण्याआधी ते नव्याने पाणी देतात. घरात ज्योत पेटवणारा मात्र पाणी उतरवतो आणि बादलीत बुडवून ते परत दिले असे समजतो. मधल्या जातीचे पोलाद असेल, तर त्या बुडवण्याने ते ठिसूळ होते आणि पुढच्या खड्ड्यात तडकते. साधे लोखंड असले तरी कोरड्या राखेत किंवा हवेत निवू द्यावे. बादलीचा मोह टाळावा.

उष्णतेचा अंदाजही डोळ्यांनीच घ्यायचा असतो आणि डोळा फसतो. सावलीत लाल दिसणारे लोखंड उन्हात काळेच दिसते. म्हणून भट्टी आडोशाला असते. सुमारे ३०० अंशांवर चकचकीत पोलादावर निळी झाक येते. त्या सुमारास लोखंड वाकवणे सर्वांत घातक, कारण तेव्हा ते थंड असतानापेक्षाही ठिसूळ असते. एक तर नीट लाल करून वाकवावे, नाहीतर पूर्ण थंड असताना.

घर आणि कारखाना यांत फरक आहेच. जस्ताचा मुलामा ४१९ अंशांना वितळतो आणि पुढे त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की रात्री थंडी भरून ताप येतो. शॉकअॅब्सॉर्बरमध्ये तेल आणि कधी दाबाखालचा वायू असतो, तापवला तर तो फुटतो. टायर बसवलेल्या रिमला ज्योत लावली, तर आतले रबर वायू सोडते आणि टायर बॉम्बसारखा उडतो. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची. गळलेला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो, आणि अरुंद गल्लीत, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत त्याला बाहेर जायला वाट नसते. घरचा सिलिंडर या कामाला जोडणे २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार बेकायदाही आहे.

गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. पाइप वाकवून, जोडून केलेल्या क्रॅश गार्डविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले. धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागात जिरायचा असतो, तो हे गार्ड थेट सांगाड्यापर्यंत पोचवतात. तरीही ते बसवणे थांबलेले नाही. गाडीला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे गाडीवाल्याला कळल्याशिवाय थांबणारही नाही.

ग्वाल्हेरमध्ये ते समजावण्याची सोय आहे. माधव इन्स्टिट्यूट १९५७ पासून या शहरात अभियंते घडवते आहे. तिच्या यंत्र विभागाने वर्षातून एक दिवस दाना ओली, नया बाजार, दौलतगंज भागातले मिस्त्री, गॅरेजमधली पोरे आणि रस्त्याकडेचे लोहार यांना बोलवावे. कठीणपणा मोजणाऱ्या यंत्राखाली दोन पाटे ठेवावेत, एक मूळचा, एक लाल करून निववलेला, आणि दोन्ही आकडे सगळ्यांसमोर लिहावेत. मग प्रत्येकाच्या हातात कानस द्यावी. पाणी असलेल्या पाट्यावर ती कष्टाने चालते, पाणी उतरलेल्यात सहज रुतते, आणि हा फरक हाताला एकदा कळला की जाताना त्याच कानशी प्रत्येकाला घरी नेऊ द्याव्यात.