‘शी!’ म्हणजे उत्तर नव्हे



माझी लेक म्युनिकला नोकरीला आहे. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिचा फोन आला. "आई, ऑफिसमधले सगळे उद्या जंगलात अळंबी गोळा करायला निघालेत. मी जाऊ?"

मी म्हटलं, "शी! कुत्र्याच्या छत्र्या त्या!"

ती हसली. "अगं आई, ते कंदमूळ नाही. जमिनीखालचं जाळं तसंच राहतं. वरचं तेवढं खुडायचं, आंबा तोडतो तसं."

मी गप्प. आपण बहुतेक जणी इथेच गप्प होतो आणि मग तक्रार करतो की मुली ऐकत नाहीत.

'शी' हा धर्म नव्हे. तिकडे आजी नातवंडांना घेऊन टोपली आणि चाकू हातात धरून जंगलात जाते. ती माणसं काही घाणेरडी नाहीत. 'विषारी असतं' हेही उत्तर अपुरंच. विष खरं आहे. तिथल्या डेथ कॅप नावाच्या अळंबीचं विष शिजवूनही जात नाही, त्रास कित्येक तासांनी सुरू होतो आणि यकृत निकामी होतं. पण जाणकाराने बिनविषारी निवडून दिली, तर ती आपल्याला चालेल का?

नाही. कारण आपल्या अष्ट मूलगुणांत आहे. वड, पिंपळ, उंबर ही कंदमुळं आहेत का? झाडावरची फळं ती. तरी श्रावकाने सोडली, कारण आत त्रस जीव असतात. उंबर फोडून पाहिलंय ना? रानातल्या अळंबीचंही तेच. माश्या तिच्यात अंडी घालतात, अळ्या आतून पोखरतात. गोळा करणारे स्वतःच देठ उभा चिरून भोकं बघतात. प्रश्न कुठे उगवतं एवढाच नाही, आत कोण राहतं हाही आहे.

हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "मग अंजीर? तेही उंबराच्याच कुळातलं. दिवाळीत तू अंजीर बर्फी करतेस."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला उत्तर नव्हतं. यंदा बर्फी केली नाही. ज्या कसोटीने मुलीची टोपली तपासायची, त्याच कसोटीने आपला डबाही तपासायला हवा. नाहीतर तिने आपलं का ऐकावं?

लेक गेली जंगलात. पाहून आली, टोपली रिकामी आणली. मी रागावले नाही.