पडद्यावरचे संप, आपले संप

हिंदी सिनेमातल्या संपाची वाट ठरलेली असते. गेटवर पुढाऱ्याचं भाषण, मुठी आवळलेली गर्दी, मालकाचे गुंड. मग पुढारी एकतर मरतो, नाहीतर फुटतो. 'दीवार'मध्ये (१९७५) बायकामुलांच्या जिवाच्या धमकीपुढे आनंदबाबू सही करतो आणि पुढचा सिनेमा त्याच्या पोराच्या हातावरच्या गोंदणाचा होतो. संपावर गेलेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. 'नमक हराम' (१९७३) जरा अधिक सच्चा. मालकाच्या मुलाचा दोस्त सोमू वस्तीत राहायला जातो आणि त्याला कामगारांचं जिणं कळतं. पण तिथेही शेवटी डोळे पुसायचे ते दोन मित्रांच्या दोस्तीसाठी.

जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही गिरण्यांची नावं ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला हे खटकायला हवं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथले गिरणी कामगार काम टाकून रस्त्यावर आले आणि शहरात लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारे पत्रकार होते. चौकातल्या त्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो, त्यामागचा संप मात्र विसरतो.

मुंबईचा गिरणी संप निदान पडद्यावर आला. महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (२०१०) जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार गेले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. सिनेमात घराची पडझड दिसते, पोरं गुन्हेगारीकडे वळतात. पण सामंतांची एक मुख्य मागणी १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा मोडीत काढण्याची होती. त्या कायद्याने मालकाशी बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. कामगार कुणाच्याही मागे असोत, सही तिचीच! ही गोम पडद्यावर पिस्तुलाइतकी उठून दिसत नाही, हे मान्य. तरी युनियनमधली स्पर्धा नाट्यमय होऊ शकते, हे गोविंद निहलानींच्या 'आघात'ने (१९८५) दाखवलं. लेखन विजय तेंडुलकरांचं. आणि सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मधला (१९७९) कामगार पुढारी डिकास्टा तर मंत्रालयाच्या राजकारणातला पक्का खेळाडू आहे. मला हे दोन्ही सिनेमे 'दीवार'पेक्षा खरे वाटतात.

पण जिंकलेला लढा? आपल्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांनी लाल बावट्याखाली, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली, वर्षानुवर्षं मोर्चे काढले. काम बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद, हा हिशेब त्यांच्याइतका कुणाला ठाऊक? त्या रेट्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं मिळाली. यात ना गुंड आहे, ना फितुरी. अर्ज आहेत, सरकारी कचेरीतले हेलपाटे आहेत, पदरचा हिस्सा भरण्याची ओढाताण आहे, आणि तेलुगू-मराठी मिसळून भांडणाऱ्या बायका आहेत.

सिनेमा काढू पाहणाऱ्या इथल्या पोरांनो, पुण्या-मुंबईची वाट धरण्याआधी कॅमेरा घेऊन एकदा कुंभारीला जा. त्या पिढीतल्या बायका आता थकत चालल्या आहेत.