भंगारातले वैभव

सध्या शहरांत ‘इंडस्ट्रियल लुक’ नावाची फॅशन जोरात आहे. कारखान्यातल्या जुन्या वस्तू घासूनपुसून दिवाणखान्यात मांडायच्या. आमच्या पिढीतले लोक याला सरळ "भंगार घरात आणले" म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण जे वाटते तेही सगळे गोड नाही.

मुळात आपल्याकडे हे नवीन कुठे आहे? डोणगावात गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात तुळस लावतात, डांबराचे पिंप उभे कापून, ठोकून सपाट करून न्हाणीला दार करतात. आणि शाळेची घंटा! रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला, शेजारी लोखंडी गज. असा खणखणीत आवाज की शेतातल्या माणसालाही मधली सुट्टी कळावी. गंमत म्हणजे आमच्या मेहकर तालुक्यात रेल्वे आजही नाही. खामगाव-जालना मार्गाचे बोलणे तर इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. गाडी आली नाही, रूळ मात्र शाळेत पोचला!

फरक एवढाच, की आपण गरजेपोटी केले आणि कोणाला दाखवायला बोलावले नाही. असो.

पुतण्याच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे बाकडे पाहिले. दिसायला देखणे, पण माझा जीव दचकला. लाकूड सडू नये, वाळवी लागू नये म्हणून पुष्कळ स्लीपरमध्ये क्रिओसोट नावाचे डांबरी तेल दाबाखाली मुरवत असत. त्यात कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. युरोपीय संघात असे लाकूड घराच्या आत वापरायला बंदी आहे. आणि आपण त्यावर नातवंडांना चिवडा खायला बसवतो. स्लीपर कसले, कुठून आले, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. उन्हात डांबराचा वास येत असेल तर मुळीच नाही. (पुतण्या हे वाचणार आहे, म्हणून मुद्दाम लिहितो!)

शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांचे टेबल मात्र मला मनापासून आवडते. खाली पायडल, बाजूला चाक, मधली जाळीदार नक्षी. बीड गंजते थोडे, पण सहज शंभर वर्षे टिकते. ते वितळवण्यापेक्षा त्यावर चहा प्यावा हे शहाणपणाचेच. पण खेड्यातला शिंपी डोळे गेल्यावर ते पाय किलोच्या भावाने देतो, आणि शहरात त्याचीच ‘अँटिक’ म्हणून किंमत लागते. ज्या पायांनी त्याने दोन पोरींची लग्ने केली त्यांचा भाव तराजूने ठरावा, हे मला पटत नाही. तुमच्या गावी कोणी विकत असेल तर भंगारवाल्याच्या आधी तुम्ही जा, आणि दोन पैसे जास्त द्या.

मिलच्या बॉबिनांचे दिवे पाहिले की वेगळेच मनात येते. आमच्या वऱ्हाडच्या कापसावर किती गिरण्या चालल्या! नागपूरची एम्प्रेस मिल टाटांनी १८७७ साली सुरू केली, आज तिथे मॉल आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जण परत आत गेलेच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात शोभेला उभी आहे. निदान तिला नाव तरी आहे. दिव्याच्या बॉबिनला तेही नाही. कोणत्या मिलची, कोणत्या खात्यातली, एवढी चिठ्ठी खाली चिकटवायला काय हरकत होती?

पुण्यातल्या एका दुकानात मी हे विचारून पाहिले. मालक तरुण होता, हसून म्हणाला, "काका, मिलचं नाव कशाला हवंय? पॉलिश बघा ना!"